गेजमध्ये न बसलेले शब्द

३ मार्च

चि. धाकटी,

तू तीनदा फोन केलास असं शेजारच्या वहिनींकडून कळलं. फोन वाजतो हे मला कळतं, कारण तुझी ताई त्याच्याकडे बघायला लागते. मग मीही बघतो. तीस वर्षं कारखान्यात माल तपासत, ठणठणाट करणाऱ्या प्रेस शॉपच्या भिंतीला टेकून बसल्यावर माझे कान कामातून गेले, आणि हिचं बोलणं जानेवारीतल्या झटक्यात गेलं. म्हणून तो वाजायचा थांबेपर्यंत आम्ही दोघं नुसते बघत बसतो. तू आपली पत्रच लिहीत जा.

हिला दवाखान्यातून घरी आणलं आहे. उजवा हात आणि पाय उचलत नाही. डावा चांगला आहे. बोललेलं समजतं असं मला वाटतं, डॉक्टर म्हणतात वाटण्यावर जाऊ नका. तोंडातून फक्त एक 'बा' असा आवाज निघतो. पाणी हवं तरी बा, खिडकी लाव तरी बा. सगळी हयात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई ही. मला बघवत नाही, पण बघायला दुसरं कोण आहे?

आता कामाचं लिहितो. गावाबाहेर एक केंद्र आहे. तिथे अशा पेशंटांना तीन महिने ठेवून घेतात आणि रोज पाच-सहा तास बोलायला शिकवतात. तिथून माणसं बोलत घरी जातात, मी दोघांना स्वतः भेटून आलो. पण खाटा मोजक्या आणि मागणारे शंभर. ज्याच्या डोक्यात शब्द शिल्लक आहेत त्यालाच घेतात. हिच्या डोक्यात शब्द आहेत की नाहीत हे मेअखेरपर्यंत ठरणार, आणि ते आम्ही घरी केलेल्या सरावाच्या नोंदीवरून ठरणार.

सराव असा. दवाखान्यातल्या थेरपीच्या मुलीने दर आठवड्यासाठी तीन इंग्रजी अक्षरं द्यायची आणि ती तिन्ही ज्यात येतात असे शब्द हिने जुळवायचे. मध्ये दुसरी कितीही अक्षरं आली तरी चालतील. मी प्लायवुडचे चौकोन कापून, घासून, त्यावर अक्षरं रंगवली आहेत, प्रत्येकी तीन. हिला आवडले. एक एक उचलून कडा बोटाने तपासून पाहिली, जशी मी बघायचो तशी.

पण माझं इंग्रजी तुला माहीत आहे. ए ते झेड येतं, पार्टवरचे नंबर वाचता येतात, त्यापुढे आनंदीआनंद. शब्द बरोबर की चूक हे मी कसं ठरवणार? थेरपीची मुलगी महिन्यातून एकदा भेटते, तीही दहा मिनिटं, पुढच्या महिन्याची अक्षरं द्यायला. तेव्हा तू मला शब्द लिहून पाठव. पहिल्या आठवड्याची अक्षरं ए, आर, टी आहेत, पुढची ओ, एन, डी.

ये म्हणत नाही. जमेल तेव्हा येशीलच.

भावोजी


१२ मार्च

भावोजी, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. पाळणाघरातली सगळी पोरं माझ्यामागोमाग आली आणि दारात ओळीने उभी राहून बघत बसली. त्यांच्या आया संध्याकाळी विचारत होत्या, आज आजीला कुणी मारलं का म्हणून.

अहो, हा खेळ ताईचाच आहे! थेरपीच्या मुलीला कोण सांगणार? मी सात-आठ वर्षांची असताना ताई माझी वेणी घालायची आणि मी हलू नये म्हणून अक्षरं द्यायची. "पी, एल, ए. सांग." मी प्ले म्हणायचे, प्लेट म्हणायचे. ती वेणी घट्ट ओढून म्हणायची, "हे तर शेजारच्या मांजरालाही येतं, पुढचं सांग." माझं संपलं की तिचं सुरू व्हायचं. असले एकेक शब्द काढायची की मला वाटायचं ही मनाने बनवते. डिक्शनरी उघडली की प्रत्येक वेळी सापडायचा. मी एकदाही जिंकले नाही, आणि आज पोरांना एबीसीडी शिकवून पोट भरते ते त्या वेण्यांच्या जोरावर.

तर खाली लिहिते आहे. मोठ्या इंग्रजी अक्षरात लिहिलं आहे म्हणजे तुम्हाला चौकोनांशी ताडून बघता येईल. आठवतील तसे लिहिले. ए, आर, टीसाठी आर्ट, रॅट, कार्ट, पार्ट, स्टार्ट, हार्ट, वॉटर, ट्रेन. ओ, एन, डीसाठी नॉड, पाँड, राउंड, साउंड, वंडर, सेकंड. एवढे पुरेत ना? एकीकडे पोरांना झोपवते आहे आणि एकीकडे हे लिहिते आहे.

मी नक्की येणार होते, पण गुडघा बसू देत नाही आणि पोरं सोडवत नाहीत. दोन बायकांनी नवी नोकरी धरली आहे, त्यांच्या पोरांना मीच आहे. सुट्ट्या लागल्या की येते. ताईला माझा गोड पापा द्या. तुम्ही लाजाल म्हणून सांगते, कपाळावर दिला तरी चालेल.

धाकटी


२ एप्रिल

चि. धाकटी,

तुझे शब्द मिळाले. पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावले आहेत, हिला दिसणार नाहीत अशा बाजूला. नाहीतर नक्कल केली असं केंद्रवाले म्हणायचे.

कामाची पद्धत लावून दिली आहे. सकाळी चहा झाला की हिला खुर्चीत बसवतो, पुढे पाट ठेवतो, वरच्या ओळीत त्या आठवड्याची तीन अक्षरं आणि खाली बाकीची सगळी. ही डाव्या हाताने शब्द लावते. मी ओळ वहीत उतरवून पुठ्ठ्याशी ताडून बघतो. जुळला तर वहीत हिरवी खूण, नाही जुळला तर लाल खूण, आणि चौकोन परत ढिगात. आमच्या खात्यात हेच होतं. व्हॉल्व्ह आला की गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचा. त्याचा निमुळता टेपर बसला तर पास, नाही बसला तर लाल रंगाचा ठिपका आणि रिजेक्टच्या पेटीत. कोणी बनवला, किती मेहनतीने बनवला, दिसायला किती छान आहे, हे बघायचं नाही. असं बघत बसलो असतो तर जगात किती पाईप फुटले असते!

वाईट वाटतं ते असं की लाल फार होतंय. पहिल्या आठवड्यात चार पास आणि अकरा रिजेक्ट. दुसऱ्या आठवड्यात तीन पास. सुरुवातीला रॅट, कार्ट अगदी पटकन लावले. पुढे काहीतरी भरकटते. लांबलांब ओळी लावते आणि माझ्याकडे बघते, वर्गात मुलीने उत्तर दिल्यावर बघायची तशी नाही, उलट आपणच उत्तर दिल्यासारखी. मी पुठ्ठा बघतो. नसतो. मान हलवून चौकोन गोळा करतो. मग ही चिडते.

त्या पहिल्या आठवड्यात तर हट्टच केला. पाच अक्षरांची एक ओळ लावली, मी रिजेक्ट केली. दुसऱ्या दिवशी तीच ओळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच, आणि माझं बोट धरून त्या ओळीवर आपटलं, दोनदा, आणि बा बा बा असं मोठ्याने करत राहिली. मला ऐकू आलं म्हणजे किती मोठ्याने असेल बघ. डॉक्टर म्हणाले, या आजारात राग येतो, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतात, मनावर घेऊ नका. मी मनावर घेत नाही, पण वहीत खोटी हिरवी खूण करून केंद्रात पाठवणं माझ्याने होणार नाही. तीस वर्षांत एक तुकडा डोळेझाक करून सोडला नाही, आता बायकोसाठी सोडू? आणि खोट्यावर तिला आत घेतलं तर पहिल्याच दिवशी उघडं पडेल.

कधी कधी वाटतं, करावी एक हिरवी. मग वही मिटून ठेवतो.

भावोजी


१४ एप्रिल

भावोजी,

तुमचं पत्र वाचलं. अकरा रिजेक्ट! ज्या ताईने मला डिक्शनरीत हरवलं ती हार्ट आणि वॉटरपाशी अडखळते, हे मला कसं सोसायचं ते कळत नाही. काल एका पोराला ए फॉर शिकवता शिकवता पाटी त्याच्याच हातात देऊन आत निघून गेले.

मी इथल्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांचा मुलगा माझ्याकडे असतो. त्या म्हणाल्या, आधी सोपे शब्द परत येतात, अवघड कधी कधी येतही नाहीत, घरच्यांनी मानून घ्यायला शिकावं. आपण मानून घेऊ या, भावोजी. तुम्हीही तिला लांब ओळी लावू देऊ नका, ती उगाच भरकटते आणि चिडते. अगदी तीन-चार अक्षरांचे शब्द करू दे. पुढच्या आठवड्यांसाठी मी मुद्दाम सोपे आणि थोडे लिहिले आहेत, म्हणजे पास जास्त होतील. बालवाडीतले म्हणा ना. तिला समजलं की हे बालवाडीतले आहेत, तर मला काय म्हणेल देव जाणे.

तुम्ही मात्र फार खडूस आहात हं. ताई व्हॉल्व्ह नाहीये. लाल पेन्सिल तिला दिसेल अशी ठेवू नका. आयुष्यभर लाल पेन तिच्या हातात होता, दुसऱ्याच्या हातात बघून काय वाटत असेल तिला!

सुट्टीचं जमत नाही असं दिसतं. गुडघ्याला इंजेक्शन घ्यायला सांगितलं आहे. बघते.

धाकटी


२० मे

चि. धाकटी,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

तू पाठवलेले सोपे शब्द लावून पाहिले. पहिल्या दिवशी हिने कॅट लावला. मी हिरवी खूण केली आणि शाबास म्हणालो. हिने माझ्याकडे असं पाहिलं की मला ते अजून विसरता येत नाही. मग तीच अक्षरं घेऊन त्यापुढे आणखी लावायला लागली. मी तुझं ऐकून हात धरला आणि म्हटलं, लांब नको, छोटे कर. हिने हात सोडवून घेतला आणि पदराखाली मांडीवर ठेवला. तेव्हापासून चौकोनांना हात लावलेला नाही. मी रोज पाट मांडतो. ही खिडकीतून समोरच्या गच्चीवरची टाकी बघते. जेवते, औषध घेते, पाय चोळू देते. बा सुद्धा करत नाही.

नोंद केंद्रात गेली. काल डॉक्टरांनी समोर बसवून कागदावर लिहून दाखवलं, मला ऐकू येत नाही म्हणून. चांगले आहेत बिचारे. लिहिलं की शब्दसंपत्ती फारशी शिल्लक दिसत नाही आणि सहकार्यही नाही, तेव्हा केंद्रात नेऊन उपयोग होणार नाही. ती खाट एका बँकेतल्या माणसाला दिली आहे. तो तरुण आहे, त्याला लहान मुलं आहेत. मी काय म्हणणार? वही माझ्याच हातची, खाली सही माझीच.

घरी आल्यावर हिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चहा केला.

तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना एकदा विचारशील का, की मेंदूला नेमकं काय झालं म्हणजे माणूस अशा ओळी लावतो? म्हणजे मला निदान समजेल तरी. त्यांना दाखवायला वहीतल्या काही लाल खुणांच्या ओळी उतरवून देतो, जशाच्या तशा.

टी, ए, पी, ई, आर. ही ती हट्टाची, तीनदा लावलेली.
डब्ल्यू, आर, ए, टी, एच.
टी, ए, आर, डी, वाय.
एम, ओ, आर, टी, ए, एल.
ए, बी, ए, एन, डी, ओ, एन.

अशा अजून पन्नासेक आहेत.

भावोजी


२६ मे

भावोजी,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी वही घेऊन दवाखान्यात जा. चप्पल घालायलाही थांबू नका.

ते सगळे शब्द बरोबर आहेत. सगळे! एकूण एक! राथ म्हणजे संताप. मॉर्टल म्हणजे मरण ज्याला चुकत नाही असा. अबँडन म्हणजे वाऱ्यावर सोडून देणं. टार्डी म्हणजे उशीर करणारी, शाळेच्या हजेरीपटात ताई हा शब्द उशिरा येणाऱ्या मुलींपुढे लिहायची. मला तर वाटतं तो माझ्यासाठीच होता. आणि पहिला शब्द, जो तिने तीनदा लावला, तो टेपर आहे. तुमचा टेपर! तुम्ही कारखान्यातून घरी आलात की ती दार उघडताना विचारायची ना, "काय साहेब, आज टेपर बसला का?" तिने तुमच्या कामाचा शब्द तुमच्यापुढे लावला, तुमचं बोट धरून त्यावर आपटलं, आणि तुम्ही त्याला लाल खूण केलीत. तीनदा.

मी तुमच्यावर ओरडते आहे आणि ओरडायला हवं स्वतःवर. मी आठवले तेवढे आठ शब्द लिहिले होते, भावोजी. आठ! या अक्षरांचे इंग्रजीत शेकड्याने शब्द आहेत. तुम्ही त्या आठांचं गेज कराल हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही, आणि यायला हवं होतं, मी काय तुम्हाला आज ओळखते? तुम्ही अकरा रिजेक्ट लिहिलंत तेव्हा कोणते अकरा, एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. ताई संपली असं धरून मोकळी झाले आणि वर तिला कॅट पाठवला.

आणि मी येत नाही ते गुडघ्यामुळे नाही. गुडघा दुखतो, पण त्याने कुणाचा प्रवास अडत नाही. मला भीती वाटते. ताई बा म्हणतेय आणि मला समजत नाहीये, हे मला डोळ्यांसमोर नको आहे. मी आले असते तर पहिल्याच सकाळी तिच्या पाटावर पाहून सांगितलं असतं, एवढंच लागत होतं.

वही दाखवा. हे पत्रही दाखवा. कोणालाही वाचायला द्या. ती खाट तिची होती.

धाकटी


९ जून

चि. धाकटी,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी गेलो. डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून वाचली. पूर्वी त्यांनी फक्त शेवटची बेरीज पाहिली होती. माझी बेरीज कधी चुकत नाही. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि कागदावर लिहिलं की इतके शब्द त्यांना स्वतःलाही सुचले नसते. लगेच केंद्राला फोन लावला. तिथे त्या बँकेतल्या माणसाला दाखल करून घेतलं आहे. त्याला उठवून हिला नेता येत नाही. पुढची खाट नोव्हेंबरात. अर्ज केला, पहिल्या नंबरावर नाव लिहून घेतलं. मी तिथे बराच वेळ बसून राहिलो. डॉक्टरही बसले.

घरी येऊन हिच्यासमोर बसलो आणि तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. ओरडलेलं सुद्धा गाळलं नाही. टेपरपाशी मला पुढे वाचता येईना. तो शब्द मी तोंडाने लाख वेळा म्हटला असेल, लिहिलेला कधी पाहिला नव्हता. आमच्या गेजवर नुसते नंबर असायचे. मी तिला म्हटलं, माझं चुकलं गं, तुझा सगळा माल पास होता. तिने डाव्या हाताने माझे डोळे पुसले. मग माझ्या डोक्यावर टपली मारली, चांगली जोरात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्या दिवशी उशीर झाला म्हणून पाट मांडला नाही. उद्या मांडू म्हटलं. सकाळी उठवायला गेलो तर चेहरा एका बाजूला ओघळलेला. दुसरा झटका. लहान आहे म्हणाले. पाच दिवस दवाखान्यात ठेवून काल घरी सोडलं.

लहान म्हणजे किती, हे मला कोणी सांगत नाही. मला ओळखते. हात हलतो.

आज पाट मांडला. पुठ्ठा काढून टाकला आहे, पेन्सिलीही नाहीत. अक्षरं जुनीच ठेवली, ए, आर, टी. बराच वेळ बघत बसली आणि मग आपणहून हात पुढे केला. चार शब्द लावले! चार, धाकटी, न थांबता. मला तर उठून नाचावंसं वाटलं. आता चूक की बरोबर मी ठरवायचं नाही, तू ठरवायचंस; पहिल्यात आर दिसला नाही तरी मी चौकोन हलवले नाहीत. उतरवून देतो.

टी, टी, टी, ए.
आर, ओ, के, के, टी, ए.
ए, टी, एल, आर, आर.
ई, टी, ए, आर, जी, जी.

अवघड असतील तर डिक्शनरीत बघ. ही तुला आधीपासून हरवतेच. नोव्हेंबरासाठी नोंद आतापासून नीट ठेवायची आहे, म्हणून लवकर कळव.

भावोजी


१५ जून

भावोजी,

तुमचं पत्र चार दिवसांपूर्वी आलं. तेव्हापासून ते चार शब्द वाचते आहे. सुलटे वाचले, उलटे वाचले, अक्षरं पुढेमागे करून पाहिली. डिक्शनरी उघडली, जुनी आणि मोठी, दोन्ही. पोरांच्या आया आल्या आणि गेल्या, मी बसलेलीच.

सगळे बरोबर आहेत.

चारही पास. हिरव्या खुणा करा. ताईला सांगा, धाकटी म्हणते अगदी बरोबर, आणि धाकटी पुन्हा हरली.

पाळणाघर महिनाअखेरीला दुसऱ्या बाईंवर सोपवते आहे. पोरं तिच्याकडे रडतील दोन दिवस, मग विसरतील. मी येते. या वेळी खरंच येते. आल्यावर राहते, नोव्हेंबरापर्यंत आणि पुढेही. तोपर्यंत तिला लावू दे जे लावेल ते. तुम्ही काढून घेऊ नका.

धाकटी


१९ जून

चि. धाकटी,

तुझं पत्र मिळालं. गाडीचा दिवस आणि वेळ कळव, मी घ्यायला येतो. तेवढा वेळ वहिनी हिच्याजवळ बसतील.

सगळे बरोबर आहेत असं तू लिहिलंस. मी ते दोनदा वाचलं. मला इंग्रजी येत नाही, पण मी तीस वर्षं शेरे वाचले आहेत. खालच्या माणसाने माल न बघता पास लिहिला की मला कळायचं, आणि बघून, वाईट वाटून पास लिहिला तरी कळायचं. बरोबर शब्दांचे अर्थ तू मागच्या वेळी एका दमात लिहिले होतेस, राथ म्हणजे हे आणि टार्डी म्हणजे ते. या वेळी एकाचाही अर्थ दिला नाहीस. तुझ्यावर रागावलो नाही. तुझ्या जागी मीही तेच लिहिलं असतं, आणि मार्चमध्ये लिहायला हवं होतं.

तरी तू सांगितलंस म्हणून मी हिला सांगितलं. पाटावर तीच पहिली ओळ पुन्हा लावलेली होती, टी, टी, टी, ए. मी म्हटलं, धाकटीचं पत्र आलं आहे, ती म्हणते सगळे अगदी बरोबर, पुन्हा हरली म्हणते. आवाज मोठा काढला मी, आनंद वाटावा म्हणून.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्या ओळीकडे. खूप वेळ पाहिलं, वह्या तपासताना पाहायची तसं. मग बोटाने एक टी बाजूला सारला. थांबली. दुसरा सारला. त्या जागी काय हवं ते शोधत हात सगळ्या ढिगावरून फिरला, दोनदा फिरला, आणि काही न उचलता परत आला. तिला कळलं आहे, धाकटी. चूक आहे हे कळतं, बरोबर काय ते सापडत नाही. मी शेजारी बसलेला, एबीसीडी येणारा माणूस. कोणतं अक्षर पुढे करू? मला एकही ठाऊक नव्हतं.

मग तिने सगळे चौकोन पाटावरून एकत्र ओढले, थोडे थोडे करून माझ्या ओंजळीत टाकले आणि वरून माझी बोटं मिटवली. मी ते डब्यात भरून कपाटात ठेवले. पुरे झालं आता, नको आणूस, असं ती म्हणाली असं मी समजलो आहे. चुकीचं समजलो असेन तर तू येऊन सांग.

भावोजी